बाळकुम ते वसई : पाण्याची वाट

बाळकुम हे नाव मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ऐकीत आले आहे. आजेसासूबाई होत्या तोवर वर्षातून दोनदा तरी ती गोष्ट निघेच. त्यांचे माहेर वसईस, सासर कल्याणास. आगगाडी तेव्हाही होती. परंतु वऱ्हाड, तांब्यापितळेची भांडी, आंदणाचे सामान आणि वसईच्या केळ्यांचे घड एवढे सारे दादरला उतरवून पुन्हा चढवावयाचे, त्यापेक्षा ओळखीच्या तांडेलाचा मचवा बरा, असा त्यांच्या वडिलांनी हिशेब केला. घोडबंदरापर्यंत भरती उत्तम मिळाली. पुढे वारा पडला आणि बाळकुमाच्या धक्क्याशी येईतो पाणी फिरले. सोळा वर्षांची नवी नवरी मुंडावळ्यांसकट सहा तास मचव्यात बसून राहिली, आणि पुढली भरती आली तेव्हा मंडळी कल्याणास निघाली. तेव्हापासून घरात कोणाचे काही अडले, कोणाची बढती लांबली, कोणाचे लग्न ठरता ठरता राहिले, की म्हणावयाचे, "बाळकुमास पाणी थांबले!"

तीन वर्षांपूर्वी योगायोग असा की, आम्ही बाळकुमासच राहावयास आलो. पूर्वी या बाजूला कारखाने होते. ते गेले, आणि त्यांच्या जागी आमच्यासारख्यांचे मनोरे उभे राहिले. चौदाव्या मजल्यावरील आमच्या खिडकीतून उल्हास नदीचे खाडीत रूपांतर झालेले रुंद पात्र, त्यावरील कशेळीचे पूल आणि पलीकडे काल्हेरची गोदामे दिसतात. मामंजींनी आपली खुर्ची त्या खिडकीशी ठेवून घेतली. चाळीस वर्षे गणित शिकविलेला मनुष्य. रिकामे बसवत नाही. पाणी केव्हा चढते, केव्हा उतरते याची ते वहीत नोंद करू लागले, आणि एक दिवस जेवताना म्हणाले, "सूनबाई, आई ज्या वाटेने आली ती वाट एकदा पाहावी म्हणतो. गाडीने नव्हे, पाण्याने."

मामंजींस एक्याऐंशी वर्षे पूर्ण झालेली, हृदयाची एक शस्त्रक्रिया झालेली. 'हे' साहजिकच नाही म्हणाले. महिनाभर घरात तो विषय निघाला की भांडी आपटल्यासारखी शांतता होई. शेवटी ठरले ते असे की, मामंजींबरोबर मी जावे, 'ह्यां'नी मोटारीने पुढे वसईस जाऊन थांबावे, आणि दुपारच्या चहाला आम्ही तेथे पोहोचावे.

या पाण्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. नाहीतर पुढील फजिती समजणार नाही. खंडाळ्याच्या बाजूस उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर करीत कल्याणास येते. तेथे तिला काळू मिळते. काळूत त्याआधीच भातसा मिळालेली असते. मग डोंबिवलीचे मोठागाव, अंजूर, मुंब्रा, काल्हेर, बाळकुम, कोलशेत, नागला, घोडबंदर असे वळसे घेत ती वसई व भाईंदर यांच्यामधून समुद्रास मिळते. पण ठाण्याजवळ तिची एक उथळ शाखा दक्षिणेस फुटून ठाण्याच्या खाडीस, म्हणजे मुंबई बंदराच्या पाण्यास जाऊन मिळते. या दोन पाण्यांमुळेच साष्टी हे बेट आहे, ही गोष्ट लोकलमधून रोज ये-जा करणारांच्या ध्यानातही नसते. एक भरती वसईकडून येते, दुसरी मुंबईकडून, आणि ठाण्याच्या आसपास दोघींची गाठ पडते. ठाण्याची खाडी हल्ली रोहित पक्ष्यांमुळे प्रसिद्धीस आली, 2022 साली रामसर यादीतही गेली. आमच्या बाजूच्या पाण्याकडे मात्र तिच्या मानाने कोणी फारसे पाहत नाही.

एके काळी मात्र सारे पाहणे याच पाण्याकडे होते. कल्याण बंदराचा उल्लेख ग्रीक खलाशांच्या 'पेरिप्लस'मध्ये 'कल्लिएना' म्हणून येतो, आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि मराठी आरमाराची पहिली जहाजे कल्याणासच बांधण्यास घेतली. पुढे चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेत ज्यांनी आधी अनेक वर्षे खटपट केली ते गंगाजी नाईक याच खाडीकाठच्या अंजूरचे. 1737 साली ठाणे व साष्टी घेतली गेली आणि 1739 च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला. या मोहिमेचे नकाशे आपण शाळेत पाहतो. परंतु फौजेला जागोजागी पाणी उतरावे लागले आणि कोणत्या घटकेस कोणती खाडी उतरता येते हे काठचे लोकच सांगू शकत होते, हे नकाशात दिसत नाही. 16 एप्रिल 1853 रोजी आगगाडी ठाण्यास आली आणि 1 मे 1854 रोजी कल्याणास पोहोचली. त्यानंतर माणसे हळूहळू पाण्यावरून उठली. जड माल मात्र पाण्यावरच राहिला. रेती, विटा, मीठ, गवत, यांना घाई नसते.

आता मामंजींच्या गणिताकडे वळते. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. हा आडाखा कोकणात लहान मुलांसही पाठ असतो. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. अष्टमीची भरती सहाला. कारण चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. आम्ही माघ शुद्ध एकादशी निवडली. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती, त्यानंतर सव्वासहा तास ओहोटी. ओहोटीबरोबर निघावे, अडीचला ती संपते न संपते तोच वसई. मामंजींनी हे मला कागदावर मांडून दाखविले आणि खाली दोन रेघा ओढल्या.

होडी बाळकुमातल्याच एका कोळी गृहस्थांची. वय साठीच्या घरात, बोलणे कमी. मामंजी त्यांस 'नाखवा' म्हणत, ते मामंजींस 'मास्तर'. आम्ही सव्वाआठच्या ठोक्याला धक्क्यावर हजर. हा धक्का म्हणजे काही दगड, काही सिमेंटचे तुकडे, आणि एका तिवराच्या बुंध्यास गुंडाळलेला दोर. नाखवा बिडी ओढीत बसले होते. "अजून एक तास हाय, मास्तर," ते म्हणाले. मामंजींनी घड्याळ दाखविले. नाखव्यांनी पाण्याकडे बोट केले. पाण्यावरून एक नारळाची शेंडी वाहत चालली होती, आणि ती कल्याणच्या दिशेने चालली होती.

"तुमचा गनित दर्याचा हाय. खारीचा पानी मागून येते न मागून जाते."

मामंजी म्हणाले, वाऱ्यामुळे असेल. वारा कोठे होता, हे मी विचारले नाही.

साडेनऊला होडी सुटली. लाइफजॅकेट घातलेले मामंजी, मांडीवर वही, आणि बरोबर उपासाच्या फराळाचा डबा. मागे कशेळीचे पूल, तानसेचे पाणी मुंबईस नेणारे प्रचंड नळ आणि मेट्रोचे खांब लहान होत गेले. तानसा धरण 1892 सालचे. म्हणजे मुंबईची तहान गेली सव्वाशेहून अधिक वर्षे याच खाडीवरून चालली आहे, आणि खाडीला त्या बदल्यात मिळते ते सांडपाणी. हे लपविण्यात अर्थ नाही. कोलशेतपर्यंत पाण्याचा रंग पाटीवरच्या धुतलेल्या पेन्सिलीसारखा आणि वास त्याहून वाईट. प्लास्टिकच्या पिशव्या तिवरांच्या फांद्यांस पताकांसारख्या लटकलेल्या. नाखवा म्हणाले, त्यांच्या बापाच्या वेळी येथे जिताडा मिळे, कोळंबी तर विचारूच नये. आता जाळ्यात मासा येतो त्याहून कचरा अधिक. त्यांच्या मुलाने होडीस कधी हात लावला नाही. तो एका गोदामात नोकरीस आहे.

रेतीची हकीकत मात्र त्यांनी आपण होऊन सांगितली. त्यांच्या तरुणपणी या पात्रात पडावांच्या रांगा लागत. डुबी मारणारा गडी बांबूस धरून तळाशी जाई, पाटीत रेती भरी, वर येई, पुन्हा जाई. दिवसातून किती वेळा ते त्यांनाही सांगता आले नाही. कानांतून रक्त येई, तरुण माणूस चाळिशीत बहिरा होई. पुढे पंप आले आणि तळच उपसून निघू लागला, काठ खचले; मग बंदी आली, चोरी आली. मुंबई-ठाण्याच्या जुन्या इमारतींच्या भिंतींत ही डुबीची रेती आहे. आमच्या कल्याणच्या वाड्यातही असेल, असे मामंजी म्हणाले आणि त्यांनी ते वहीत लिहिले.

कोलशेत मागे पडले तसे पाणी रुंदावले आणि, खरेच सांगते, मन एकदम हलके झाले. डावीकडे येऊरचे डोंगर, उजवीकडे कामणदुर्ग आणि तुंगारेश्वराची निळी रांग. दोन्ही काठांस तिवरांची सलग हिरवी किनार, तिच्या पुढे चकचकीत चिखल, त्यावर बगळे. ज्या घोडबंदर रस्त्यावरून रोज कर्णे ऐकत जावे लागते तो तेथून हाकेच्या अंतरावर आहे, हे सांगूनही खरे वाटले नसते.

पावणेअकराला आम्ही नागला बंदराशी आलो. समोरच्या तीरावर राष्ट्रीय उद्यानाचाच एक तुकडा आहे. त्यासही नागला म्हणतात. मामंजींस उतरावयाचे होते. आजेसासूबाईंच्या मचव्याने येथे गोडे पाणी भरून घेतले होते, असे त्यांनी आईच्या तोंडून ऐकले होते. नाखव्यांनी बजावले, "अर्धा तास. पानी हाये तवर होरी, पानी गेला का चिखल." आम्ही उतरलो. कोठली विहीर आणि कोठले काय! नवे बांधकाम, खडीचे ढीग, टेकडीच्या बाजूस पोर्तुगीज अमदानीतील गढीचे म्हणून सांगतात ते थोडे दगड. एका म्हातारीस विचारले, तिने दुसरीस विचारले, दुसरी आम्हांस घेऊन एका बुजलेल्या आडापाशी गेली. त्यावर काँक्रीटची फरशी होती. तोच की दुसरा, कोण सांगणार? मामंजी त्या फरशीवर बसले. मी अर्ध्या तासाचे स्मरण दिले. ते म्हणाले, "असू दे. टेकली तरी अडीचला पाणी वळते, तीनला होडी तरंगेल."

परत आलो तेव्हा पावणेएक झाला होता. होडी कुशीवर कलंडली होती आणि तिच्या व पाण्याच्या मध्ये वीस हात चिखल होता. नाखवा तिच्या सावलीत बसले होते. रागावले नव्हते, तेच अधिक लागले.

अडीच वाजले. पाणी उतरतच होते. तीन वाजले, तरीही उतरतच होते. खाडीत ओहोटी उशिरा संपते, आणि वर चढावे तसतशी अधिकच रेंगाळते. वरून नदी ढकलीत असते, तळाचा गाळ पाण्यास सहजी जाऊ देत नाही. उलट भरती येते ती मात्र थोड्या वेळात आणि जोराने. हे मला आता ठाऊक झाले आहे. त्या वेळी एवढेच कळत होते की, मामंजींची दुपारी चारची हृदयाची गोळी 'ह्यां'च्या जवळच्या पिशवीत, वसईस आहे. चूक माझी. चहाला तेथेच जावयाचे म्हणून औषधांची पिशवी मी मोटारीत ठेविली होती.

मी फोन केला. पलीकडून काही क्षण उत्तर आले नाही. मग 'हे' म्हणाले, "निघतो. आणि बाबांना सांग, गाडीत बसायचं. आता हट्ट नको." वसईहून नागल्यास वरसावे पुलावरून मोटारीने तास पुरतो. चार वाजले, साडेचार वाजले. गायमुखाच्या चढावर एक मालमोटार बंद पडली होती आणि तिच्या मागे मैलभर वाहने उभी होती. इकडे होडी चिखलात, तिकडे मोटार रस्त्यात. दुसऱ्या कोणत्या दिवशी मी हसले असते. मी दर पाच मिनिटांनी मामंजींच्या चेहऱ्याकडे पाहत होते, आणि ते मला कळू न देता आपल्याच मनगटाची नाडी मोजीत होते.

नाखव्यांनी होडीतील स्टोव्हवर बिनदुधाचा चहा केला व आपली चार केळी मामंजींपुढे ठेवली. "एकादशी चालते ना?" मामंजींनी दोन घेतली. चिखलावर निवट्या उड्या मारीत होत्या. डोळे डोक्यावर, धड मासा ना धड बेडूक. मामंजी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आईला सहा तास येथेच कोठेतरी बसावे लागले, तेव्हा तिने काय पाहिले असेल हे मी कधी विचारलेच नाही. आम्ही नुसते हसत आलो." माझ्या मनात आले, सोळा वर्षांची मुलगी, माहेर मागे पडलेले, सासर अजून आलेले नाही, आणि भोवती सारी परकी माणसे. ती गोष्ट सांगताना आजेसासूबाई स्वतः कधी हसल्याचे मला आठवेना.

सव्वाचारला पाणी थांबले. साडेपाचला 'हे' आले, घामाने निथळलेले. गोळी दिली. वडिलांच्या शेजारी चिखलाच्या काठी बसून त्यांनी एवढेच म्हटले, "चला आता." मामंजी म्हणाले, "तू रागाव, तुझा हक्क आहे. पण अर्ध्या वाटेवरून मी परत आलो तर पुन्हा निघणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे." दोघेही गप्प राहिले. मी मध्ये बोलले नाही, आणि आजही मला वाटते की, बोलून उपयोग नव्हता. शेवटी 'ह्यां'नी औषधांची पिशवी आणि अंगावरची शाल माझ्या हाती दिली, नाखव्यांस बाजूस घेऊन काही विचारले, आणि मोटार वळवून ते पुन्हा वसईच्या रस्त्यास लागले.

सव्वासहाला होडी सरळ झाली. नाखव्यांनी ती बाहेर काढून खोल पाण्यात नेली. नांगर टाकण्याचे काम वाटते तितके सोपे नाही. प्रथम त्यांनी बांबूने तळ चाचपला. पात्र जेथे वळते तेथे बाहेरच्या अंगास पाणी खोल असते, आतल्या अंगास गाळ. सकाळी आम्ही नेमके आतल्या अंगास लागलो होतो. मग चार नख्यांचा लोखंडी नांगर सोडला आणि दोर खोलीच्या चौपट दिला. आखूड दोरावर भरती चढली की नांगर उचलला जातो. होडी सावकाश फिरली आणि तिने नाळ समुद्राकडे, येणाऱ्या पाण्याकडे केली. आता दहापर्यंत थांबावयाचे. भरतीविरुद्ध डिझेल जाळण्यास नाखवे तयार नव्हते, आणि मामंजींनी या खेपेस घड्याळ काढले नाही.

सव्वादहाला नांगर उचलला. एकादशीचा चंद्र माथ्यावर, थंडी बोचरी. इंजिन हळू ठेवून नाखवे एका हाताने सुकाणू धरीत व दुसऱ्या हाताने जाळ्यांच्या खुंटांवर विजेरी टाकीत. घोडबंदराचा किल्ला काळोखात नुसता उंचवट्यासारखा दिसला. अरबी घोडे येथे उतरत म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. वरसाव्याच्या पुलाखालून गेलो तेव्हा डोक्यावर मालमोटारींचा अखंड गडगडाट होता, आणि पाण्यावर वल्ह्याचा थेंब पडला तरी ऐकू यावा अशी शांतता. पुढे भाईंदर-नायगावचे रेल्वेपूल. त्यांच्या मधोमध पाणजू बेट, त्यावर चारदोन दिवे. एक उशिराची लोकल खिडक्यांच्या उजेडाची माळ ओढीत वरून गेली. मामंजी जागे होते. वाटेत ते एकदाच बोलले, "आईला हा पूल दिसला असेल. म्हणजे आगगाडी डोक्यावरून गेली असेल, आणि ही खालून."

सरकारी दफ्तरात या पाण्याचे नाव राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 असे आहे. 2016 च्या कायद्याने तो जाहीर झाला, लांबी 145 किलोमीटर. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली येथे धक्के आखले आहेत; वसई-भाईंदरमध्ये वाहने नेणारी रो-रो बोट 2024 साली सुरू झाली. बाळकुमापासून गायमुखापर्यंत खाडीकाठाने एक मोठा रस्ताही आखला आहे. पाणी आणि रस्ता यांपैकी कोणते आधी पुरे होते ते पाहावयाचे. माझी पैज रस्त्यावर आहे, आणि ती हरले तर आनंद वाटेल.

पाऊण वाजता वसईच्या धक्क्यास लागलो. किल्ल्याचा तट चांदण्यात राखाडी दिसत होता. 'हे' धक्क्यावर उभे होते, थर्मास घेऊन. मामंजींस त्यांनी हात दिला. पायऱ्यांवर शेवाळ होते, म्हणून नाखव्यांनी मागून आधार दिला. ठरल्याहून अधिक पैसे नाखव्यांनी घेतले नाहीत. सकाळची भरती लागली की ते एकटेच परत जावयाचे होते.

दुसऱ्या दिवशी घरी येऊन मामंजींनी वही उघडली आणि त्या दोन रेघांच्या खाली लिहिले : नागला, ओहोटी, पावणेदोन तास उशीर. बाळकुमच्या भरतीचा आकडा त्यांच्या स्वतःच्या नोंदींतच होता. तो त्यांनी कधी तिथीशी ताडून पाहिला नव्हता. आता दर रविवारी ते धक्क्यावर जाऊन नाखव्यांकडून एकेका ठिकाणाचा आकडा घेऊन येतात. कोलशेत आणि घोडबंदर झाले. कल्याणचा अजून मिळावयाचा आहे.